पहिल्या शनिवारची भांडी

"सिसिलिया आज भांडी घासायला आली नाही," अ‍ॅग्नेस फोनवर म्हणाली. हॅलो नाही, कसा आहेस नाही. मार्चचा पहिला शनिवार, सकाळचे साडेअकरा. मी नुकताच ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून आत आलो होतो आणि बायकोने ठेवलेल्या चहाला तोंड लावत होतो. म्हटलं, रस्ते निसरडे आहेत, उशिरा निघाली असेल. अ‍ॅग्नेस म्हणाली, "ती उशिरा येणारी बाई नाही. तू जाऊन बघ." खरं तर त्या शनिवारी मीच सिसिलमावशीला अ‍ॅग्नेसच्या चर्चला घेऊन जाणार होतो. दर पहिल्या शनिवारी मीच नेत असे. पण आदल्या संध्याकाळी फोन करून मी अंग काढून घेतलं होतं. मुलीची स्विमिंगची स्पर्धा आहे, असं सांगितलं होतं. स्पर्धा दुपारी होती. थंडीत सकाळी उठून तासभर गाडी हाकायचा मला कंटाळा आला होता, हे आज कबूल करतो. सिसिलमावशी म्हणाली होती, "बरं. मला गाडी येते, इंजिनीयर. तू ये पुढच्या महिन्याला." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तिच्या घराची जास्तीची किल्ली आमच्याकडे असे. दार उघडलं तर ती दारालगतच्या खुर्चीत बसलेली होती. अंगात कोट, एक बूट पायात, दुसरा मांडीवर. डोळे मिटलेले, जणू बूट चढवता चढवता जरा दम खायला टेकली होती... पायाशी तिची निळी पिशवी. पिशवीत रबरी हातमोजे, तारेची घासणी आणि टॉवेलात गुंडाळलेली हिरव्या झाकणाची रिकामी काचेची बरणी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार त्रास झाला नसावा. तिचा मुलगा नेल्सन टोरोंटोजवळच्या वॉनला असतो, त्याला मी फोन लावला. "वॉज शी अलोन, अंकल?" एवढंच त्याने विचारलं आणि मला हो म्हणावं लागलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, तरी ते 'हो' माझी पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सिसिलिया घोन्साल्विस मूळची वसईची. नवऱ्याबरोबर पंचवीसेक वर्षांपूर्वी कॅनडात आली, आधी टोरोंटोजवळ आणि मग रेमंडकाकांना इकडे काम मिळालं म्हणून रेजिनाला. हॉस्पिटलच्या किचनमध्ये तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. काका गेल्यावर नेल्सन तिला कायमचं वॉनला घेऊन जायला आला, तर तिने त्याला जेवू घालून परत पाठवलं. आमची ओळख झाली ती एका बेसमेंटमधल्या गणपतीत. रेजिनात तेव्हा मोजकीच मराठी घरं होती, सगळी पुण्या-मुंबई-नागपूरची. त्या घोळक्यात ही ठेंगणी, जाड चष्म्याची बाई फुग्यांनी भरलेला डबा घेऊन शिरली. फुगे म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव. गणपतीसमोर हात जोडले, सगळ्यांच्या ताटात दोन-दोन फुगे ठेवले आणि माझ्याजवळ येऊन विचारलं, "तू कुठला? काम काय करतोस?" मी म्हटलं, नागपूरचा, प्रांत सरकारच्या पाणी खात्यात इंजिनीयर आहे. तिने डबा खाली ठेवला. "पाण्याचा इंजिनीयर? मग इथे काय करतोयस? तुझ्याशी काम आहे माझं." त्या दिवसापासून तिने मला नावाने कधी हाक मारली नाही.

काम असं होतं. शहरापासून तासाभरावर मूळ रहिवाशांची एक वस्ती आहे, इथे तिला रिझर्व्ह म्हणतात. तिथल्या लहानशा चर्चशी मावशीच्या पॅरिशने, म्हणजे तिच्या शहरातल्या चर्चच्या मंडळींनी, नातं जोडायचं ठरवलं होतं. कारण उघड होतं. तिथल्या दोन पिढ्यांना लहानपणी घरातून उचलून ज्या निवासी शाळेत टाकलं, ती शाळा याच चर्चच्या लोकांनी चालवलेली. आता समेट करायचा, एकत्र बसायचं, ऐकायचं, असं सगळं पॅरिशच्या पत्रकात छापलेलं होतं. मावशी पहिल्या बैठकीला गेली आणि सवयीप्रमाणे पाणी प्यायला नळाकडे वळली. नळाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आणि वर पाटी: पाणी उकळल्याशिवाय वापरू नये. पाटी इतकी जुनी की अक्षरं दोनदा गिरवलेली. विहीर उथळ, आणि वरच्या अंगाला शेजारच्या गावाचा कचरा डेपो. त्या गावात नळाला स्वच्छ पाणी, आणि डेपोखालच्या या वस्तीत हे असं. मावशीने हे सांगितल्यावर मी आमच्या खात्याचं ठरलेलं उत्तर दिलं. रिझर्व्हचं पाणी केंद्र सरकारकडे असतं मावशी, ती माझी फाइल नाही. ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पाणी फायलीत राहतं हे मला नव्हतं माहीत."

तिने पाठ सोडली नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, हायवेवर गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि मी शेजारच्याच गल्लीत राहत होतो. सुटका नव्हती. तरी मी गाडीतून उतरत नसे. मी काही ख्रिस्ती नाही. देवळातसुद्धा बाहेर चपला सांभाळत उभा राहणारा माणूस मी! तिला चर्चच्या दाराशी सोडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि बायकोला ज्याचा पत्ता नव्हता तो उद्योग करायचा: नागपूरहून आणलेली तंबाखू मळायची. मावशीला मात्र पहिल्याच दिवशी वास आला होता. ती नुसती खिडकी उघडून बसली.

चर्चच्या किचनची मालकीण म्हणजे अ‍ॅग्नेस. उंच, हाडापेराची, पांढरी वेणी, सत्तरीकडे झुकलेली. सगळी वस्ती तिला 'कोकुम' म्हणते, म्हणजे आजी. अ‍ॅग्नेसची पणती जोसी त्या उन्हाळ्यात जन्मली होती. तिच्या बाप्तिस्म्याला फादर शहरातून बाटलीबंद पाणी घेऊन आले. अ‍ॅग्नेसने बाटली बघितली आणि बाळ उचलून घरी निघाली. फादर गोंधळले, म्हणाले, मग इथलंच पाणी उकळून घेऊ या. "शेजारच्या गावात मुलांना उकळून बाप्तिस्मा देता का?" अ‍ॅग्नेसने विचारलं. "हिची आई इथली, हिची आजी इथली. हिच्या डोक्यावर इथलंच पाणी पडेल, आणि ते नळातून येईल तसं. तोपर्यंत देव थांबेल. त्याला आम्हाला थांबवून ठेवायची सवय आहे." हे मला मावशीने गाडीत सांगितलं. मूल बाप्तिस्म्यावाचून राहणं म्हणजे देवाच्या दाराबाहेर राहणं, हे तिच्यासारख्या वसईच्या बाईला मी सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "इंजिनीयर, या पोरीचा बाप्तिस्मा मी बघणार. तिथल्याच नळाच्या पाण्याने." मी मनात म्हटलं, बघा.

आणि मग तिने घोळ घातला. वसईकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी वाटतात. इथे साधारण त्याच सुमाराला थँक्सगिव्हिंग येतं आणि वेदीसमोर भोपळे, गहू, सफरचंदं मांडतात. मावशीला ते बघून दरवर्षी घर आठवे. त्या वर्षी तिने अ‍ॅग्नेसच्या चर्चच्या नळाचं पाणी बरणीत भरून आणलं. बरणी तिच्या बहिणीने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घालून वसईहून पाठवलेली होती. शहरातल्या तिच्या चर्चच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, सगळे भोपळे मांडून झाल्यावर मावशी उठली आणि त्या पिवळट, गाळ तरंगणाऱ्या पाण्याची बरणी मधोमध ठेवली. म्हणाली, "हेसुद्धा या जमिनीचंच पीक आहे. यालाही आशीर्वाद द्या, फादर." एक बाई उठून बाहेर गेली, एक म्हातारे गृहस्थ रडले. हे मी प्रत्यक्ष पाहिलं, कारण नंतरच्या जेवणासाठी तिने आम्हालाही बोलावलं होतं. मला वाटलं, वा मावशी, जिंकलंस!

पण त्या जेवणाला अ‍ॅग्नेसलाही बोलावलेलं होतं. ती शेवटच्या बाकावर जोसीला मांडीवर घेऊन बसलेली. लोक माना वळवून तिच्याकडे बघू लागले. दया आली की माणसं ज्या डोळ्यांनी बघतात ना, त्या डोळ्यांनी. अ‍ॅग्नेस उठली, पार्किंगमध्ये गेली, बाळाला कार सीटमध्ये अडकवलं. मावशी हसतमुखाने तिच्यामागे धावली. तिला वाटत होतं, आता मिठी मिळणार. अ‍ॅग्नेस शांतपणे म्हणाली, "तू मला विचारलं होतंस?" मावशी म्हणाली, "मी तुझ्यासाठीच..." "तू मला विचारलं होतंस? माझं घाणेरडं पाणी माझ्या देखत या लोकांसमोर मांडायच्या आधी, तू मला विचारलं होतंस?" गाडी निघून गेली. जेवणाच्या वेळी मावशीने तोंडात घास घातला नाही.

परतताना मी समजूत घालायला म्हटलं, जाऊ दे मावशी, आपला काय संबंध? ती शाळा गोऱ्यांनी चालवली, आपण तेव्हा या देशात नव्हतोसुद्धा. त्यावर तिचा बांध फुटला. रागात ती वसईच्या बोलीवर घसरे, मला त्यातलं निम्मं कळत नसे, पण हे कळलं. "नाताळाला चर्च माझं, आणि हे पाप निघालं की त्यांचं? असं नाही चालत." थोड्या वेळाने, पुढे रस्त्याकडे बघत, तिने मला ते सांगितलं जे बहुतेक नेल्सनलाही ठाऊक नव्हतं. वसईत तिच्या वडिलांची बावखलाशेजारी, म्हणजे तिकडच्या तळ्याशेजारी, विहीर होती, गोड पाण्याची. शहरात इमारती वाढल्या तसे टँकर येऊ लागले आणि वडिलांनी पाणी विकायला सुरुवात केली. दिवसाला एक टँकर, मग रांग. त्याच पैशांवर घराला स्लॅब पडला, तिच्या आणि रेमंडच्या कॅनडाच्या तिकिटाला हातभार लागला. चार-पाच वर्षांत त्यांची विहीर खारी झाली, आणि तिच्याबरोबर पलीकडच्या, ज्यांनी एक थेंब विकला नव्हता त्यांच्याही. "शेजारची बायो आमच्या अंगणात घागर घेऊन आली, रिकामी. काही बोलली नाही. नुसती ठेवून गेली. आणि मी सूटकेस भरत होते..." हे सांगून तिने चष्मा पुसला. मी हीटर वाढवला.

माफी कशी मागायची याची चौकशी तिने पॅरिशमध्ये केली. कोणीतरी सांगितलं, त्यांच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जायचं तर हातावर तंबाखू ठेवायची. शनिवारी गाडीत बसल्या बसल्या तिने माझ्यापुढे हात पसरला. "काढ." मी म्हटलं, काय काढू? "उगाच साळसूद होऊ नकोस. तंबाखू काढ." मी पुडी दिली, आणि पुडीबरोबर असते ती चुन्याची स्टीलची डबीही दिली. आम्हा दोघांनाही वाटलं, तंबाखू ती तंबाखू! पहिल्यांदाच मी तिच्यासोबत त्या किचनमध्ये शिरलो. अ‍ॅग्नेसने दोन्ही हातांनी पुडी घेतली, उघडली, हुंगली आणि तिला जोराची शिंक आली. मग डबी उघडून विचारलं, हे काय? मावशीने माझ्याकडे बघितलं. शेवटी मला त्या गंभीर प्रसंगी तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळून, थाप मारून दाखवावी लागली. अ‍ॅग्नेस बघत राहिली, आणि मग अशी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मावशी आधी रडत होती, ती मधेच हसायला लागली. "आमची तंबाखू अशी नसते," अ‍ॅग्नेस डोळे पुसत म्हणाली, "पण ज्या हाताने दिली त्याला लाज वाटत होती. चालेल." डबी तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

मग तिने अट घातली. चर्चच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वस्तीचं जेवण असतं. सिसिलियाने एक वर्ष यायचं आणि भांडी घासायची. पाण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. सूचना नाहीत, पत्रकं नाहीत. फक्त भांडी. आणि एक नियम त्या किचनमध्ये सगळ्यांनाच होता: लहान मुलांनी सिंकपाशी यायचं नाही. मावशीच्या जिभेला कधी उसंत नसे, हॉस्पिटलच्या किचनमध्ये तिचं टोपणनाव 'रेडिओ' होतं. मी म्हटलं, तीन महिने टिकशील. ती म्हणाली, बघ.

भांडी घासणं म्हणजे तिथे काय होतं, ते मला गाडीत बसून कळलं नसतं. नळ सोडला आणि घासलं, असं नाही. आधी मोठाली पातेली गॅसवर चढवायची, पाणी खळखळ उकळू द्यायचं, ते निवेपर्यंत थांबायचं, मग घासायचं, विसळायला पुन्हा वेगळं उकळलेलं. जेवण तासाभराचं, भांडी दुपारभराची. जानेवारीत एकदा मावशीचे हात भाजलेले बघितले तेव्हा मी इंजिन बंद करून आत गेलो आणि पातेली उचलू लागलो. अ‍ॅग्नेस तळलेला बॅनॉक करे, तिथल्या लोकांचा पाव, आणि मावशी फुग्यांचा डबा नेई. दोघींच्या पदार्थांत फार फरक नव्हता, पण दोघीही आपापला श्रेष्ठ मानत. यावरून त्यांचं तासन्तास चाले. पाण्यावर मात्र शब्द नाही. मावशी घरी येताना गाडीत दात-ओठ खाई, पण तिथे गप्प.

त्याच वर्षी जूनमध्ये ओटाव्यात संसदेत पंतप्रधानांनी त्या शाळांबद्दल माफी मागितली. शनिवार नव्हता, तरी मावशीने मला ऑफिसातून हाफ डे घ्यायला लावला. हॉलमध्ये टीव्ही लावला होता. म्हाताऱ्या बायका हातात हात घेऊन बसल्या होत्या, काही रडत होत्या. संपल्यावर अ‍ॅग्नेस उठून किचनमध्ये गेली आणि नळाची पिशवी काढून तोटी सोडली. आम्ही मागे उभे. पाणी आलं, पिवळं. "माफी ऐकली," ती म्हणाली. "चांगली होती." आणि नळ बंद केला. मावशीने पातेलं गॅसवर ठेवलं. त्या दिवशी भांडी नव्हती, चहाचे कप होते फक्त. पाणी तापताना अ‍ॅग्नेस सिंकमध्ये बघत बोलू लागली. शाळेत ती सहा वर्षांची असताना खोक्यावर उभी राहून सिस्टरांची भांडी घासायची. हात सुजायचे. एखादी बशी फुटली की रात्रीचं जेवण बंद. "मी तुझ्या चर्चची भांडी घासली सिसिलिया, आठ वर्षं. मला एकदा बघायचं होतं, तुझ्या चर्चमधलं कोणी माझी घासतं का. न बोलता." मावशीचे हात पाण्यात होते. ती फक्त म्हणाली, "एक वर्ष फार कमी आहे." आणि पुढचा कप घेतला. मी तिथे उभा होतो आणि मला माझी ती 'फाइल' आठवून लाज वाटली. अजूनही वाटते.

वर्ष भरलं. पुढच्या थँक्सगिव्हिंगला बरणी पुन्हा वेदीसमोर गेली, पण या वेळी ती अ‍ॅग्नेसच्या हातात होती. जोसी शेजारी तिच्या आजीच्या कडेवर. अ‍ॅग्नेस पाच मिनिटं बोलली. आम्हाला दया नको, म्हणाली, साक्षीदार हवेत. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती आणि 'रेडिओ'तून एक अक्षर निघालं नाही. त्यानंतर मात्र दोघींनी मिळून जे सुरू केलं ते थांबलं नाही. शेजारच्या गावाने डेपो वाढवायचा घाट घातला होता, त्याच्या प्रत्येक सुनावणीला पॅरिशची माणसं अ‍ॅग्नेसच्या मागच्या रांगेत जाऊन बसू लागली. बोलायची ती, बसायचे हे. पाण्याचे रिपोर्ट कसे वाचायचे, खोल विहीर कुठे घेता येईल, हे साध्या भाषेत मी सुट्टीच्या दिवशी बसून लिहून दिलं, माझ्या नावानिशी. साहेबांनी ऑफिसात बोलावून समजावलं, ही आपली फाइल नव्हे. मी म्हटलं, सर, शनिवार माझा आहे. पंधरा वर्षांच्या नोकरीत साहेबांना उलटून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. मावशीला सांगितलं तर तिने शाबासकी दिली नाही. "उशीरच केलास," म्हणाली, आणि डब्यातला शेवटचा फुगा माझ्या ताटात टाकला.

डेपो वाढला नाही. खोल विहीर झाली. पाणी शुद्ध करायची नवी इमारत उभी राहायला मात्र वर्षांमागून वर्षं गेली. अधिकारी बदलत, कागद पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. तीन फादर बदलले. प्रत्येकाने अ‍ॅग्नेसला बाप्तिस्म्याबद्दल विचारलं, प्रत्येकाला तेच उत्तर मिळालं. मावशीचं ऑपरेशन झालं, हायवेची मनाई उठली, तरी तिने मला सोडलं नाही आणि पहिला शनिवार चुकवला नाही. निघताना ती बरणीत नळाचं पाणी भरून घेई. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत महिनाभर ठेवी आणि महिन्याने झाडाला घालून रिकामी बरणी पुन्हा पिशवीत टाकी. मी एकदा विचारलं, आता कशाला, आता तर सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "मला विसर पडू नये म्हणून. मी एकदा सूटकेस भरून निघून आलेली बाई आहे."

तिच्या अंत्यविधीला रिझर्व्हवरून दोन बस भरून माणसं आली. नेल्सन मला विचारत होता, "हू आर ऑल दीज पीपल?" मी म्हटलं, ही तुझ्या आईची माणसं. पॅरिशच्या तळघरात जेवण झाल्यावर अ‍ॅग्नेस किचनमध्ये गेली, बाह्या वर केल्या आणि सिंकपाशी उभी राहिली. पॅरिशच्या बायका धावल्या, तुम्ही नको, तुम्ही पाहुण्या. तिने कोणाला हात लावू दिला नाही. शेवटचा चमचा पुसून होईपर्यंत ती एकटीच घासत होती, आणि तिथे नळाला स्वच्छ पाणी होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या क्षणी मी रडलो, त्याआधी रडलो नव्हतो.

पिशवी नेल्सनने मला देऊन टाकली. बरणी आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते, मॉनिटरच्या शेजारी. परवा नवीन आलेल्या एका सहकाऱ्याने विचारलं, हे कसलं सॅम्पल? म्हटलं, माझी फाइल आहे.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी एकटाच गेलो. रस्ताभर शेजारची सीट रिकामी, खिडकी मात्र सवयीने थोडी उघडी ठेवली. तंबाखू मी मार्चपासून सोडली आहे. खिडकीच्या कट्ट्यावर ती चुन्याची डबी अजून आहे, अ‍ॅग्नेस तिच्यात टाचण्या ठेवते. नवीन इमारत दोन आठवड्यांपूर्वी सुरू झाली, पण शेवटचे सलग रिपोर्ट चांगले आल्याशिवाय पाटी निघणार नाही. जोसी आता साडेपाच वर्षांची आहे. दात पडलेली, भलतीच ठाम. मी नळाखाली बरणी भरली तशी तिने ती माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरली. "पलीकडचं झाड दिसतंय," ती म्हणाली. "मग आता झालं ना माझ्या बाप्तिस्म्याचं पाणी?" अ‍ॅग्नेसने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर 'बघू', 'वर कळवतो' असलीच उत्तरं दिलेला माणूस मी. म्हटलं, अजून नाही जोसी. दिसायला स्वच्छ असणं वेगळं. रिपोर्ट यायचे आहेत, मी मंगळवारी स्वतः फोन करणार आहे आणि नाही आले तर बुधवारी. "आणि तरी नाही आले तर?" तर पुढच्या शनिवारीही येईन. तिने थोडा विचार केला, बरणी कट्ट्यावर डबीशेजारी ठेवली आणि मदतीला सिंककडे येऊ लागली. मी तिला अडवलं. म्हटलं, तू नाही, तू तिथे बस आणि बघ. अ‍ॅग्नेसने पातेलं गॅसवरून उतरवलं. मी मावशीचे हातमोजे चढवले, ते मला बोटांत तोकडे होतात, आणि घासणी घेऊन पहिली ताटली पुढे ओढली.